बोलवायला गेलेला माणूस परत का येत नाही

आमच्या गावात कार्याला कुणी पत्रिकेवर येत नाही. पत्रिका म्हणजे नुसती खबर. फोन केला तर लोक "बरं बरं" म्हणतात आणि घरीच बसतात. कार्याच्या दिवशी ऐन वेळेला इस्त्रीचा सदरा घातलेला कुणीतरी दारात येऊन उभा राहायला हवा, त्यानं "चला, सगळे वाट बघायलेत" असं म्हणायला हवं, तेव्हा कुठे पाहुणा जागचा हलतो. याला दुसरं बोलावणं म्हणतात.

दुसऱ्या बोलावण्याचाही एक कायदा आहे. बोलवायला गेलेल्या माणसानं रिकाम्या हातानं परत यायचं नसतं. पाहुणा दाढी करत असेल तर दाढी होईपर्यंत बसायचं, म्हशीला पाणी पाजत असेल तर म्हशीचं पोट भरेपर्यंत बसायचं. बसलं की चहा येतो. चहा नको म्हणणं म्हणजे घराचा अपमान. मग पाहुण्याला अर्ध्या वाटेत आठवतं की चष्मा घरीच राहिला. अशा रीतीनं कार्य असलेल्या घरातला प्रत्येक धडधाकट पुरुष दुसऱ्याच्या ओसरीवर चहा पीत अडकतो आणि घरी आलेल्या पाहुण्यांना पाणी द्यायला कुणी उरत नाही. माझ्या सुपारीच्या दिवशी हेच झालं. सुपारी म्हणजे साखरपुडा. त्यात मुलीकडचा थोरला पुरुष सगळ्यांसमोर दगडानं सुपारी फोडतो, आणि सोयरीक पक्की होते.

मला हा प्रकार जास्त झोंबला, कारण याच रोगावर इलाज करण्याचा मी पगार घेते. पुण्याच्या एका कंपनीचं काम मी केज तालुक्यातल्या आमच्या घरून करते, वरच्या खोलीतून, इन्व्हर्टरच्या जिवावर. गावाचा समज असा की मी कंप्युटरवर फॉर्म भरते. सातबारा काढून दे म्हणून अजूनही लोक जिना चढून येतात. मी खरंच काय करते ते आईला एकदा समजावून सांगितलं होतं. सगळं ऐकून ती म्हणाली, "म्हंजी बसूनच ना?"

काम असं. रक्त तपासणाऱ्या लॅबचे रिपोर्ट लोकांना मोबाइलवर दिसावेत म्हणून आमचा एक सर्व्हर आहे. सर्व्हरच्या पोटात थ्रेड असतात. थ्रेड म्हणजे राबणारे गडी समजा. कुणी मोबाइलवरून "माझा रिपोर्ट" म्हटलं की एक गडी उठतो, लॅबच्या कंप्युटरकडे जातो, रिपोर्ट मागतो आणि मिळेपर्यंत तिथेच उभा राहतो. लॅबचा कंप्युटर आमच्या पाहुण्यांसारखाच, त्याची दाढी कधी संपत नाही. गडी मोजके, मागणारे लई. सगळे गडी तिकडे उभे राहिले की नव्या माणसाच्या मोबाइलवर नुसतं चाक फिरत राहतं, मग तो आमच्या साहेबांना फोन करतो आणि साहेब मला.

म्हणून मी ते सगळं नव्या पद्धतीनं लिहिलं. गड्यानं निरोप द्यायचा आणि उलट्या पावली परत येऊन दुसऱ्या कामाला लागायचं. रिपोर्ट तयार झाला की लॅबच हाक मारील, मग जो मोकळा असेल तो जाऊन घेऊन येईल. कुणी कुठे ताटकळत उभं राहायचं नाही. हे नवं काम मी सुपारीच्या आदल्या दिवशी सर्व्हरवर चढवलं. सुट्टीवर जाण्याआधी नवं काम चढवू नये असा आमच्या धंद्यात दंडक आहे, तो मला पाठ आहे. पण साहेब म्हणाले होते की हे झाल्याशिवाय सुट्टी नाही, आणि मीही जरा हवेत होते.

सकाळी मला नऊवारी शालू नेसवून आतल्या खोलीत बसवलं. नवरीनं त्या दिवशी मान खाली घालून बसायचं असतं. मान खाली होतीच, मोबाइल मांडीवर होता. नवऱ्याकडची मंडळी आष्टीकडून आली, मांडवात टेकली, आणि आमच्याकडचा एकही पुरुष दिसेना. आण्णा, म्हणजे माझे वडील, एकटेच तांब्या घेऊन धावत होते. चुलतभाऊ, मावसभाऊ, झाडून सगळे बोलवायला गेलेले आणि गावभर चहा पीत बसलेले.

मला राहवलं नाही. भावाभावांचा जो मोबाइलवरचा ग्रुप आहे त्यावर मी हुकूम सोडला. कुणी बसायचं नाही. दारातून बोलावणं द्यायचं, पाहुण्याला म्हणायचं, निघताना मिस कॉल द्या, आणि लगेच मागे फिरायचं. मिस कॉल आला की जो मोकळा असेल तो सामोरा जाईल. एका मावसभावानं लिहिलं, "तू नवरी हायस का मुकादम?" तरी सगळ्यांनी ऐकलं, कारण चहानं त्यांच्या पोटाला तडस लागली होती.

काय सांगू, जादू झाली. भराभर माणसं परत आली, पाणी फिरलं, सतरंज्या पडल्या. मिस कॉल येत गेले, पाहुणे येत गेले. मी आत बसून मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटत होते. वाटलं, पुण्याच्या साहेबांना बोलावून दाखवावं.

मग दोन बोलावणी अडली.

पहिलं माझ्या थोरल्या चुलत्यांचं. त्यांना सगळं गाव बाप्पा म्हणतं. सुपारी त्यांच्याच हातानं फुटायची. दुसरं आत्याच्या यजमानांचं. आत्या गावातल्या गावात दिलेली, तिच्या यजमानांना आम्ही मामा म्हणतो. बाप्पांकडे गेलेला भाऊ येऊन म्हणाला, "बाप्पा म्हनतेत, जावई मानसाचा मान पैला. मामाला आदी आना, मंग मी येतो." मामांकडे गेलेला भाऊ येऊन म्हणाला, "मामा म्हनतेत, थोरलं मानूस आल्याबिगर आमी कशाला पुडं पुडं करावं? बाप्पा आले की सांगा."

आमच्या धंद्यात याला डेडलॉक म्हणतात. दोन गडी, प्रत्येकाला दुसऱ्याच्या हातातली वस्तू हवी, आणि आपली आधी कुणीच सोडत नाही. जगबुडी झाली तरी दोघं तसेच उभे राहतील. सर्व्हरमध्ये असं झालं तर एकाला सरळ ठार मारतात. मामांच्या बाबतीत तो विचार माझ्या मनात येऊन गेला.

बाप्पांचा राग जुना होता. आदल्या वर्षी माझ्या भावाच्या लग्नात त्यांना दुसरं बोलावणं गेलंच नव्हतं. बोलवायला दोघांना सांगितलं होतं आणि दोघांनाही वाटलं की दुसरा गेला असेल. बाप्पा धुतलेलं धोतर नेसून ओसरीवर बसून राहिले आणि शेवटी घरातलीच शिळी भाकरी खाऊन झोपले. तेव्हापासून दोघा भावांचं बोलणं बंद. आण्णा मनातून खचले होते, पण माफी मागायला गेले नाहीत. म्हणायचे, "भाऊ हाय माजा. आपल्या पायानं येईल." बायकांनी मात्र हा अबोला कधी मानलाच नाही. बाप्पांची बायको, माझी काकू, कालपासून आमच्याच चुलीपाशी पुरण वाटत होती.

आण्णा मांडवात जाऊन बसले आणि त्यांनी जाहीर केलं, "थोरल्या भावाच्या हातानंच सुपारी फुटंल. न्हाईतर आज फुटनार न्हाई."

नवऱ्याची आत्या बाजूच्या बाईला म्हणाली, आणि मला आत ऐकू यावं इतक्या मोठ्यानं म्हणाली, "पोरीचा चुलता कावून येईना? काई भानगड तर न्हाई?" ऊन चढत होतं, त्यांच्या गाडीचा ड्रायव्हर दोनदा येऊन बघून गेला. न फुटलेली सुपारी घेऊन पाहुणे परत गेले की सोयरीक परत उभी राहत नाही, हे गावात शेंबडं पोरही सांगेल. आणि तो मुलगा मला आवडला होता, हे इथेच सांगून टाकते. बघायला आला तेव्हा त्यानं विचारलं होतं, "सर्व्हर बंद पडला की तुमी काय करता?" मी म्हटलं, "शिव्या देते." तो इतका हसला की चहा त्याच्या शर्टावर सांडला. असा माणूस मोडलेल्या मांडवातून परत जाऊ द्यायचा नव्हता मला.

त्याच क्षणी मांडीवरचा मोबाइल थरथरला. साहेब.

"लोकांना कोरे रिपोर्ट जात आहेत," साहेब म्हणाले. "नाव आहे, तारीख आहे, खाली काहीच नाही. एक बाई रडत होत्या फोनवर, त्यांना वाटलं रक्तच सापडलं नाही."

चूक कुठे आहे ते कळलं. नव्या पद्धतीत निरोप देऊन गडी मोकळा होतो खरा, पण पुढचं पाऊल त्या उत्तरावरच अवलंबून असेल तर तिथे "थांब" अशा अर्थाचा एक शब्द लिहावा लागतो. गडी दुसरी कामं करत राहतो, पण हे काम मात्र उत्तर आल्याशिवाय पुढे सरकत नाही. एका ओळीत तो शब्द लिहायचा मी विसरले होते. लॅब सुस्त असली की गडी निरोप टाकून यायचा आणि रिपोर्टची वाट न बघता कोरा कागदच मागणाऱ्याच्या हातात ठेवायचा. निरोप दिला म्हणजे काम झालं, असं मी त्याला शिकवलं होतं.

आणि बाप्पांच्या दारातून परत आलेल्या भावालाही मी तेच शिकवलं होतं.

लॅपटॉपची पिशवी खांद्याला लावली आणि मागच्या दारानं निघाले. काकूनं बघितलं. तिनं पुरणाचा हात तोंडावर ठेवला, पण हाक मारली नाही, उलट परसदाराची कडी तिनंच काढली. सुपारीच्या दिवशी नवरी गल्लीतून चालत जाते हे आमच्या गावानं कधी बघितलेलं नव्हतं. पिठाच्या गिरणीवरचा माणूस गिरणी चालू ठेवून बाहेर आला. "पळून चाललीस का काय?" त्यानं विचारलं. "बोलवायला चालले," मी म्हटलं. त्याला हे जास्त भयंकर वाटलं असावं.

बाप्पा ओसरीवर बसले होते. पांढरं धोतर, नवा सदरा, डोक्याला फेटा. म्हणजे माणूस सकाळपासून तयार. सदऱ्याची बटणं मात्र एक घर सोडून लागलेली. मी भर उन्हात त्यांच्यासमोर, हिरव्यागार शालूत, उभी राहिले.

"कोन हाय?" बाप्पांनी विचारलं.

"मी हाय, बाप्पा."

"तू? आगं, आज तुजी सुपारी ना? तू कावून आलीस?"

"तुमाला न्यायला आले. बसते. च्या करा."

ते खुश झाले आणि लगबगीनं आत गेले. मी बसले, लॅपटॉप उघडला, मोबाइलवरून इंटरनेट जोडलं. मग ओसरीवर नजर गेली. भिंतीपाशी एक दगड होता, त्याच्या भोवती सुपाऱ्या पडलेल्या. काही फुटलेल्या, काही घरंगळून कोपऱ्यात गेलेल्या. कुणीतरी सकाळपासून सुपाऱ्या फोडत बसलं होतं आणि बरेचसे घाव चुकले होते.

आतून बाप्पा चहा घेऊन आले. कपात बोट बुडवून धरलं होतं, चहा कुठवर आला ते कळायला. दुसऱ्या हाताच्या बोटाला चिंधी बांधलेली होती, आणि चिंधीवर रक्ताचा डाग.

मी कप घेतला.

"बाप्पा, डोळे कवापासून?"

"दिसतंय की." मग म्हणाले, "धुकं हाय. तुज्या काकूला म्हाईत हाय. बापाला सांगू नगं. चारचौघात बोटावर दगड बसला तर लोक काय म्हनतील? सुपारी चुकली तर तुला अपशकुन." त्यांनी फेटा सारखा केला. "म्हून म्हनलं, जावयाला आदी न्या. तो लवकर येत न्हाई."

"भाऊ बोलवायला आलता ना?"

"आलता की. बोलावनं फेकलं आन् पळाला. मी धरायला हात पुडं केलता. हात तसाच ऱ्हायला."

नियम माझा होता. बोलवायला गेलेला माणूस पाहुण्याकडे बसून का राहतो, हे मी इतकी वर्षं चहासाठी समजत होते. तो पाहुण्याला हाताला धरून आणायला बसतो. म्हातारा माणूस "मला दिसत नाही" असं म्हणत नाही, तो "चष्मा घरीच राहिला" म्हणतो.

लॅपटॉपवर ती ओळ सापडली होती.

"काय करायलीस?" बाप्पांनी विचारलं.

"एका ठिकानी 'थांब' म्हनायचं ऱ्हायलंतं."

"मंग म्हन की."

म्हटलं. शब्द घातला, सर्व्हरवर चढवला, रिपोर्ट उघडून बघितला. खालचे आकडे भरलेले होते. साहेबांना कळवलं आणि मोबाइल बंद करून टाकला. मग चहा पिऊन, कप विसळून, बाप्पांची बटणं नीट लावून, त्यांचा हात धरला. दगड त्यांनी सोबत घेतला. हाताला सवयीचा झालाय, म्हणाले.

वाटेत ते म्हणाले, "तुजा बाप आला आसता तर मी कवाच आलो आसतो. म्हनायचा बी न्हवता काई. नुसता दारात यायचा."

"आन् आण्णा म्हनतेत, भाऊ आपल्या पायानं आला तर बरं. ते बी वर्सभर वाट बघायलेत."

बाप्पा चालता चालता थांबले. "दोगं बी येडेच हाव मंग," म्हणाले आणि हसले. मामांचा तिढा हा नुसता वरवरचा होता. खरा डेडलॉक या दोघा भावांचा, आणि त्याला वर्ष होऊन गेलं होतं.

मामांचं घर वाटेतच पडतं. मी बाप्पांना घेऊन त्यांच्या दारात उभी राहिले. "मामा, बाप्पा तुमच्या दारात हायत. आता कोन आदी आन् कोन मंग?"

मामा बाहेर आले. फेटा डोक्यावर, खाली नुसतं बनियन. "मी तयारच हाय," म्हणाले आणि सदरा शोधायला आत पळाले. आत्यानं चहा टाकते म्हटलं. बाप्पा म्हणाले, "आता च्या पाजलास तर पोरगी पुडल्या साली सासरी जाईल." एका हाताला बाप्पा, दुसऱ्या बाजूला मामा, मध्ये शालू नेसलेली नवरी, खांद्याला लॅपटॉप, अशी आमची वरात निघाली. गिरणीवाल्यानं या वेळी गिरणी बंदच केली.

मांडवाच्या तोंडाशी एक पायरी आहे. तिथे बाप्पांनी पाय पुढे केला, हवेत चाचपला, मागे घेतला. आण्णा समोरच उभे होते. त्यांनी ते बघितलं. बाप्पांचा पाय बघितला, माझ्या हातातला त्यांचा हात बघितला, बोटावरची चिंधी बघितली. मग दोन ढांगांत खाली आले आणि दुसरा हात त्यांनी धरला. "पायरी हाय, बाप्पा," एवढंच म्हणाले. वर्षभरानंतर भावाशी बोललेलं पहिलं वाक्य.

नवऱ्याच्या आत्यानं नवरी कुठून आली ते विचारलं. काकू पुरणाचे हात पुसत म्हणाली, "चुलत्याला आनायला गेलती. आमच्यात रीतच हाय तशी." अशी रीत आमच्या गावात त्या दिवसापर्यंत नव्हती. आता आहे, त्यानंतर दोन नवऱ्या जाऊन आल्या.

पाट मांडला. बाप्पा बसले, दगड हातात घेतला. सगळा मांडव बघत होता. बाप्पांनी पाटावर हात फिरवून सुपारी शोधली, ठेवली, ती घरंगळली. पुन्हा ठेवली. त्यांच्या कपाळावर घाम आला होता, आणि माझ्याही.

आण्णा त्यांच्याशेजारी येऊन बसले. सुपारी उचलून पाटाच्या मधोमध ठेवली आणि आपल्या अंगठ्यानं नि बोटानं घट्ट धरली. बाप्पांचा दुसरा हात ओढून आपल्या मनगटावर ठेवला, सुपारी कुठे आहे ते कळावं म्हणून.

"बोट काड," बाप्पा हळूच म्हणाले.

"मी थांबलोय," आण्णा म्हणाले. "तुमी हाना."

बाप्पांनी दगड उचलला आणि हाणला. सुपारीची शकलं झाली, मांडवात टाळ्या पडल्या, नवऱ्याकडच्यांनी पेढे वाटायला घेतले. आण्णांनी हात उपरण्याखाली घेतला. तोंडावर हसू तसंच होतं, फक्त डोळ्यात पाणी होतं, आणि सगळे समजले की मुलगी आता परक्याची होणार म्हणून.

माझ्या लग्नाच्या अल्बममध्ये कन्यादानाचा एक फोटो आहे. आण्णांनी माझा हात नवऱ्याच्या हातात दिलाय, आणि त्यांच्या अंगठ्याचं नख काळंनिळं आहे. बाप्पा शेजारीच बसलेत, ऑपरेशननंतरचा काळा चष्मा लावून. त्यांनी परवा तो फोटो डोळ्यांजवळ धरून नीट बघितला आणि आण्णांना विचारलं, "आरं, ह्ये नखाला काय झालंतं तुज्या?"

"दारात सापडलंतं," आण्णा म्हणाले.